राजकन्येची चौकशी

राज्य उलथलं त्याला सात वर्षं झाली होती आणि राजकन्या आता शिंप्याकडे काजं-बटणं करून पोट भरत होती. या काळात ती भांडायला शिकली, शिव्या शिकली, आणि चहाचा भुरका तर असा मारायची की शेजारणी कानावर हात ठेवत. पण आज राजघराण्याची माणसं हुडकून फासावर देणाऱ्या अधिकाऱ्याने तिला कचेरीत बोलावलं होतं.

"बाप काय करायचा गं?"

"प्यायचा. तुमचा?"

अधिकारी खो खो हसला. "जा, पळ. तू कसली राजकन्या!"

ती सुटकेच्या घाईने बंद दारापाशी गेली आणि मान ताठ करून उभी राहिली, कुणीतरी दार उघडेल म्हणून. सात वर्षांत मोडलेली खोड भीतीने नेमकी आत्ता उसळली होती. चूक ध्यानात आली तेव्हा उशीर झाला होता.

मागून धावत पावलं आली. अधिकाऱ्याने झटकन दार उघडलं आणि राजवाड्यातले दारवान उभे राहत तसा तो खाली मान घालून बाजूला उभा राहिला. मग त्यालाही आपली चूक कळली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणाला सांगू नका, बाईसाहेब," तो पुटपुटला.