अख्खा फोटो

"हा बघ! कावला! हा बघ मेला!"

सोनूबाईने काचेवर बोट आपटलं. नागावच्या त्या होमस्टेत नाश्ता करत बसलेले पाहुणे दचकले. भिंतीवर दरवाजाएवढा फोटो टांगलेला. फोटोत कोळीवाड्यातलं मासळी सुकवायचं खळं होतं, दोऱ्यांवर लटकलेले बोंबील होते आणि हात उगारून उभी असलेली खुद्द सोनूबाई होती. अगदी वरच्या कोपऱ्यात, चोचीत बोंबील धरून पळणारा कावळा.

विनेशचा, तिच्या मुलाचा, जीव भांड्यात पडला.

महिनाभर या फोटोने त्यांच्या घराला आग लावली होती. पुण्याच्या कुणा हौशी माणसाने तो काढला होता. न विचारता, अर्थात. दुसऱ्याच्या घामाचा फोटो काढायला असल्यांना परवानगी लागत नाही. अख्खा फोटो त्याने या होमस्टेला विकला, पण मोबाइलवर टाकताना तो चौकोनी कापला. कापण्यात कावळा गेला. उरली सासू, उगारलेला हात आणि समोर वाकलेली सून. सून किशोरी तोवर भांडून उरणला माहेरी निघून गेलेली. तिच्या भावाने तो फोटो गावभर फिरवला. खाली लिहिलं, 'सासू मारते. हा पुरावा.'

आज संध्याकाळी गावकी बसणार होती. फोटो खरा ठरला तर सोडचिठ्ठी. खोटा ठरला तर किशोरीने सगळ्यांसमोर सासूच्या पाया पडायचं आणि निमूट नांदायला यायचं. बायकांचा न्याय इतक्यात उरकतो आपल्याकडे.

"मी त्या दिशी तिला बोट लावला न्हाय," सोनूबाई एकवीरेची शपथ घेऊन सांगत होती. आणि ते खरं होतं. हात उगारला होता तो कावळ्यावर.

होमस्टे चालवणारी राही चहा घेऊन आली. "मावशी, आमचे गेस्ट तुम्हाला काय म्हणतात माहितीये? वाघीण! एक सेल्फी देणार ना सगळ्यांबरोबर?"

"देते गो, देते." सोनूबाईने पदर सारखा केला. "आधी माज्या पोराला काम करू दे. काढ रे इनेश. अख्खा काढ. कावल्यासकट."

विनेश मोबाइल धरून मागे सरकला. "आये, काचेत तुझी सावली पडते. बाजूला हो."

ती बाजूला झाली आणि नेमकी फोटोतल्या किशोरीसमोर येऊन उभी राहिली. मोबाइलवर तिने फक्त स्वतःचा हात बघितला होता. तेवढ्यानेच तिचं डोकं फिरलं होतं. त्यात सून ती केवढी, नखाएवढी. इथे किशोरीचं तोंड तिच्या तोंडासमोर होतं.

डोळे गच्च मिटलेले. मान खांद्यांत गेलेली. डावा कोपर डोक्यावर.

"भित्री मेली," सोनूबाई पुटपुटली. "कावल्याला भिते."

मग तिला उजवा हात दिसला. त्या हातात बोंबलांची जोडी होती, तोंडात तोंड अडकवलेली. किशोरी ती दोरीवर टाकत होती. एका हाताने डोकं झाकत होती आणि दुसऱ्या हाताने टाकत होती.

दचकलेलं माणूस हातातलं सोडून देतं. हिने काम थांबवलंच नव्हतं.

सोनूबाई बघत राहिली. तिला सगळ्यांनी विचारलं होतं ते एका दिवसाचं. शपथ घेतली तीही एकाच दिवसाची. कालवण खारट झालं त्या दिवसाचं कुणी विचारलं नव्हतं. विनेश बोटीवर असायचा त्या दिवसांचं तर कुणीच नाही. विनेशनेसुद्धा नाही. आणि मागे टेबलावर बसलेले लोक रोज हाच फोटो बघून ऑम्लेट खात होते आणि वाघीण म्हणत होते.

"झालं, आये. सुटलीस तू."

"मावशी, सेल्फी?" राहीने हाक मारली. सोनूबाई तोवर पायरी उतरली होती.

संध्याकाळी देवळापुढच्या मंडपात विनेशचा मोबाइल हातोहात फिरला. बाप्ये दोन बोटांनी कावळा मोठा करकरून बघत होते. किशोरी बापाच्या मागे उभी होती, नजर खाली. गावकीचा म्होरक्या सदू नाखवा बोटीवर ओरडावं तसा ओरडला, "आयला, साक्षीदार गावला! उडाला नसता तर त्याला पन इथं बसवला असता!"

मंडप खदखदून हसला. किशोरीचा बापसुद्धा कसनुसा हसला.

"चल पोरी," नाखवा म्हणाला, "तुजा खोटा पडला. सासूच्या पाया पड."

किशोरीने नवऱ्याकडे बघितलं. विनेश मोबाइलकडे बघत होता. ती पुढे आली आणि वाकली.

सोनूबाईने पाय मागे घेतले.

"नाखवा, कावला बघून झाला आसंल तर आता पोरीला बघा."

"बघितली की. कोपर वर केलाय. भ्याली आसंल."

"दुसरा हात बघा. काम करतोय तो."

नाखव्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "मंग? त्याचं काय? तू मारलंस का न्हाय, तेवढा बोल."

"त्या दिशी न्हाय मारलं," सोनूबाई म्हणाली. "ज्या दिशी मी मारत न्हाय, त्या दिशी ती आशी उभी ऱ्हाते."