चुकलेली खिडकी

एन्टर दाबल्यावर हर्षाने वर पाहिलं. खिडकी चुकली होती.

स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. एक चाचणीची, दुसरी खऱ्या सर्व्हरची. अमरावतीच्या त्या छोट्या ऑफिसात कंटेनरला सगळे डबाच म्हणत. एकेक वेबसाइट आपापल्या डब्यात चालायची, आणि खिडकीत कमांड लिहून डबे चालू करायचे, थांबवायचे, नको असले की काढून टाकायचे. हर्षाला चाचणीचे जुने डबे काढायचे होते. तिने काढले ते समाजाच्या उपवर-वधू परिचय मेळाव्याचे.

तिने घाईघाईने नवा डबा चालू केला. साइट उघडली, पण आत एकही मुलगा नव्हता की मुलगी नव्हती. शिक्षण, शेती, मामेकुळ, फोटो, सगळं साफ.

"दादा!" हाक मारता मारताच तिला रडू फुटलं.

ऑफिस श्यामदादाचं, सर्व्हरही त्याचाच. सकाळपासून तो त्याच सर्व्हरवरची जागा मोकळी करत बसला होता. खुर्ची ओढत तो तिच्याजवळ आला, रिकामं पान पाहिलं आणि एकदा वळून आपल्या स्क्रीनकडे पाहिलं.

"बॅकअप असन ना दादा?"

"घ्याचा राहून गेला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आजच घेणार होतो."

"मी काय करून बसली हे!"

"रडू नको. होते असं. कोणाले सांगू नको. सर्व्हर बिघडला म्हणून मी सांगतो. तुयं नाव कुठीच येणार नाही."

एवढा मोठेपणा कोण दाखवतं? हर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण मेळाव्याच्या समितीवर तिचे वडीलच होते. किसनरावांचा अकोल्याजवळ फुलांचा मळा. छापील पुस्तिका बंद करून सगळं ऑनलाइन करू, हा हट्ट त्यांचा. "माही पोरगी त्याच ऑफिसात हाये, काळजी करू नका," असं छाती फुगवून गावोगाव सांगितलं तेही त्यांनीच. अचलपूर, चांदूर रेल्वे, कुठून कुठून लोकांनी माहिती भरली होती. ज्यांना मोबाइलवर जमत नव्हतं त्यांची हर्षाने फोनवर ऐकून टाइप केली होती. दुर्गाबाई नावाच्या एका बाईंनी आपल्या काडीमोड झालेल्या लेकीची माहिती नको नको म्हणत, शेवटी मन घट्ट करून भरली होती.

सगळ्यांना पुन्हा भरायला सांगितलं. निम्म्यांनी भरली. दुर्गाबाईंनी फोनच उचलला नाही.

अकोल्याच्या मेळाव्यात किसनरावांनी मंचावरून हात जोडले. "सर्व्हर बिघडला. लोकायले तरास झाला, माफी असावी."

"पोरीच्या ऑफिसचं लय कवतिक सांगत होते ना भाऊ!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि मांडवभर हशा पिकला.

किसनराव तसेच हात जोडून उभे राहिले. स्वागताच्या टेबलाशी बसलेल्या हर्षाला वाटलं, उठावं आणि सांगावं, बाबा नाही हो, मी. पण ती उठली नाही. त्या न उठण्याची लाज तिला चुकीपेक्षाही जास्त वाटली.

घरी परतताना बाबा म्हणाले, "तुह्या श्यामदादाचं मन मोठं हाये पोरी. सारं सोताच्या अंगावर घेतलं त्यानं."

"हो बाबा," ती म्हणाली आणि बाहेर पाहत राहिली.

त्यानंतर श्यामदादाने तिला काळ्या खिडकीपाशी फिरकू दिलं नाही. "तू फोन अन् फॉर्मचं पाह्य. ते काम आता मी करतो." तिलाही ते बरंच वाटलं. नुसती कमांड दिसली तरी ती नजर वळवायची. पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं तेव्हा तिने घरी न विचारताच नाही म्हणून कळवलं. ज्याने आपली लाज झाकली, त्याला सोडून कोणत्या तोंडाने जायचं? पुढे सर्व्हरच्या कामाला प्रणाली नावाची नवी मुलगी घेतली, तेव्हा तिला आत कुठेतरी टोचलं. पण ती फॉर्म टाइप करत राहिली.

आज श्यामदादा अचलपूरला एका गिऱ्हाइकाकडे गेला होता. दुपारी प्रणाली एकदम ओरडली, "अरे देवा, खिडकीच चुकली!"

हर्षा धावत गेली. एका शाळेच्या प्रवेशाच्या साइटचे डबे प्रणालीने काढून टाकले होते. पडद्यावर तीच कमांड, तशीच्या तशी. पोरीला आता काय भोगावं लागेल, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण श्यामदादासारखं वागायची हीच वेळ होती. तिने प्रणालीच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नको. दादा आले का मी सांगते, माह्या हातून झालं म्हणून. मले सवय हाये."

प्रणालीने तिच्याकडे नवलाने पाहिलं. मग एक ओळ लिहून नवा डबा चालू केला आणि साइट उघडली. एकूण एक पोराचं नाव जागच्या जागी होतं.

"असं कावून म्हणता ताई? डबा काढल्यानं माहिती थोडीच जाते! ते तं डब्याबाहेर, सर्व्हरवर ठेवली असते. ते उडवाची कमांड येगळी, अन् पैलेपासून ते एकट्या श्यामदादाच्याच लॉगिनवर चालते. त्यायनंच तं मले पैल्या दिवशी शिकवलं."