धौलागिरीची शीव

नेपाळचा तो नकाशा कृष्णाबाईंनी पोखऱ्याला असताना कापडावर भरला होता. चौदा अंचलं, म्हणजे तिथले जुने प्रांत, आणि मधल्या सीमा लाल दोऱ्याच्या. आता तो जर्सी सिटीत लेकाच्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या घरात होता. ज्या भिंतीपलीकडे नुसती हवा, त्या भिंतीवर.

दुपारी त्या देवळातून आल्या, तर गंडकी आणि धौलागिरी यांच्यामधला दोरा नाहीसा झालेला.

"सरप्राइज, आई! अपडेट करतोय," हातातली कात्री दाखवत परीक्षित म्हणाला. "अंचलं केव्हाच गेली. आता सातच प्रदेश. धौलागिरी गंडकीतच आलं."

"मेल्या, कुणाला विचारून?" त्या कडाडल्या. "तुझे बाबा आपल्या गंडकीतून पुलाच्या कामाला धौलागिरीत गेले, ते परतलेच नाहीत. त्यांची तेवढीच जागा मला ठाऊक होती. तीही पुसलीस?"

"चिल, आई. कापडच आहे ते."

पण उसवलेल्या जागी कापड ओलं होत होतं. परीक्षितनं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. बोटाला बर्फ लागला होता.

मग भिंतीत बूट वाजू लागले, चढण चढणाऱ्या दमलेल्या माणसाचे. ओळखीचा खोकला आला.

"आई, बाहेर काहीच नाहीये गं," परीक्षित पुटपुटला.

नकाशामागून टकटक झाली.

कृष्णाबाईंनी पदर खोचला, लेकाला बाजूला सारलं आणि भिंतीवर हात आपटला.

"इतकी वर्षं माझ्या एका दोऱ्याला अडलात होय?"