कव्हर धरून

माझा प्रोजेक्ट राउटरचा. राउटर इंटरनेटची पॅकेटं रांगेनं सोडतो, पण पॅकेटवरचं कव्हर, म्हणजे पत्त्याची जादा माहिती, मोजायला विसरला की लाईन तुंबते! काल निमोण्याच्या स्टँडवर वडापची जीप चालवणाऱ्या भारतमामांना मी हे झोकात समजावलं. "मामा, तुम्हीपण नुसती डोकी मोजता. बोचकी मोजा, मग बघा गाडी कशी पळते!"

"पोरगी हुशार हाय," मामा म्हणाले. मी दिवसभर हवेत.

आज शिरूरला विज्ञान प्रदर्शन, दहाला परीक्षक येणार. मॉडेलचं खोकं कवटाळून मी जीपजवळ पोचले. एकच सीट उरलेली.

"प्रगते, तुझी एक आन् खोक्याच्या दोन. तीन सीटा झाल्या की गं!"

"मामा, मांडीवर घेते ना!"

आतून विठाआजी कडाडल्या, "व्हय का? मग माझी भाजीची पाटी का उतरवली?"

मामांनी हात जोडले. "तूच शिकवलंस बाई. आता समद्यांना त्योच नियम."

जीप गेली. पुढची अकराला.

मी खोकं रस्त्याकडेला ठेवलं. त्यावर माझ्याच ठळक अक्षरात लिहिलं होतं:


‘पॅकेट वेळेवर कसं पोचेल?’