केशरबाईचं लुगडं

निऱ्या आजही जमल्या नाहीत. रामकिसननं त्या कशाबशा खोचल्या, पदर पार मिशांपर्यंत ओढला आणि चरवी घेऊन तो गोठ्यात शिरला. नुकतं फटफटत होतं.

तांबूनं मान वळवून लुगडं हुंगलं आणि पान्हा सोडला.

साठी उलटलेला, तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, आणि बायकोचं लुगडं नेसून धार काढतोय! पण करता काय? वडवणीच्या पुढं दोन एकरांत त्यानं निवृत्तीनंतर हौसेनं गाय, दोन शेळ्या आणि डझनभर कोंबड्या पाळल्या. हौस त्याची, राबणं केशरबाईचं. तांबूला तिच्याच हाताची सवय. केशरबाई बीडला दवाखान्यात होती तेव्हा तांबूनं चार दिवस कुणाला कासेला हात लावू दिला नाही. शेवटी शेजारची सरूबाई म्हणाली, "बाईचं लुगडं नेसून बसा की!" बसला, आणि धार लागली.

केशरबाई काही परत आली नाही. सगळे विधी बीडला तिच्या भावाच्या घरीच उरकले. घरी म्हातारी आई, छबुबाई. पंच्याऐंशीची, दोन्ही डोळ्यांनी अधू. तिला कसं सांगावं, याच विचारात रामकिसन परतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लुगडं नेसून धारेला बसला. तेवढ्यात ओसरीवरून हाक आली, "आलीस का गं केशर?"

रामकिसनच्या तोंडून बारीक आवाजात निघून गेलं, "आले, आत्याबाई."

झालं! तेव्हापासून पाच महिने हेच चाललं होतं. दिवसभर केशर चाऱ्यासाठी दुष्काळातल्या जनावरांच्या छावणीवर असते, असं म्हातारीला सांगितलेलं. शेतातल्या वस्तीवर येतंय कोण? आलंच, तर रामकिसन त्याला फाटकातच गाठून, आईला सांगू नका म्हणून हात जोडायचा.

"केशर," आजही हाक आली, "किसन रात्री जेवला का?"

"जेवले, आत्याबाई."

"खरं सांग."

तांबूच्या कासेखालचे हात थांबले. "अर्धीच भाकर खाल्ली."

"आन काल दिवसभर कुठं गेलता?"

"हिरीवर बसलेते."

"कोरड्या हिरीवर? कावून?"

"काय की. बसतेत आपले."

रामकिसननं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा धार काढायला लागला.

न्याहारीच्या वेळी दूध संस्थेचे सचिव बबनराव फटफटीवरून आले. रामकिसन आता धोतर-सदऱ्यात होता. बबनरावांनी तांबूच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि ते चुकचुकले.

"भाऊ, संस्थेचा चाऱ्याचा ट्रक शनिवारपासून बंद. छावणीबी उठतीया. शेळ्या बाभळीच्या शेंगांवर जगतील, कोंबड्यांचं काही न्हाई. पर ही पंधरा दिवस काढायची न्हाई."

"बघू."

"बघू काय? तलवाड्याला माझ्या साडूकडं कॅनॉलचं पाणी हाय. हिरवागार घास हाय. परवा टेंपो आणतो. जीव वाचंल हिचा."

रामकिसननं ओसरीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बबनराव, गाय गेली तर पहाटं लुगडं नेसून मी कुठं बसू? आईला कळंल. ती लई खचंल. जगायची न्हाई."

"आन गाय मेली तर कळणार न्हाई?"

रामकिसननं तांबूच्या पाठीवरची माशी हाकलली. बबनराव मनातून चिडले होते. नाटकापायी मुक्या जनावराचा बळी! पण ते आपल्या माणसाचं दुःखही ओळखत होते, म्हणून जास्त न बोलता निघून गेले.

रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी त्यांनी ठरवलं, होईल ते होईल, म्हातारीला आपणच सांगायचं. रामकिसन ड्रम घेऊन टँकरकडं गेल्याचं पाहून ते ओसरीवर चढले. छबुबाई बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"कोण? बबन व्हय? बस." तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "गाय न्यायला आलास न्हवं?"

"काकू, गाय न्यायचीच हाय. पर त्याआधी तुमाला एक सांगायचंय. मन घट्ट करा. केशरवहिनी..."

"केशर मेली, बाबा. पाच महिने झाले."

बबनराव उभेच राहिले. फटफटीची किल्ली हातातून खाली पडली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"तुमाला... कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? चाळीस वरसं एका चुलीवर काढली आमी. तिच्या पायाची चाहूल मला कळत न्हाई? पयल्याच दिवशी कळलं. तवा तोंडात पदर कोंबून रडले."

"मग रोज पहाटं हाक कावून मारता?" बबनरावांचा आवाज चढला. "तुमच्यापायी त्यो मिशावाला माणूस लुगडं नेसतोय! तुमच्यापायी गाय सोडंना!"

"हळू बोल." म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते तिनं पुसलं नाही. "दिसभर इचारते, किसन, बरा हाईस का? म्हणतंय, बरा हाय आई, लई बरा हाय. पहाटं केशर म्हणून इचारलं, की खरं सांगतंय. परवा म्हणलं, आत्याबाई, ह्यास्नी आता जगू वाटंना. ने तू गाय, बाबा, तिचाबी जीव हाय. पर उद्यापून माझं लेकरू खरं कुणापाशी बोलंल, तेवढं सांगून जा."