खांबापाशी

कापूस बुडाला, तशा बियाण्यांच्या जाहिराती आटल्या आणि आमच्या राजापेठेतल्या भक्तिवाहिनीला मंदिरात कॅमेरा पाठवणे परवडेनासे झाले. तेव्हापासून मी, तिथला तंत्रज्ञ, रोज आरतीची एकच जुनी चित्रफीत दाखवत होतो. पडद्याच्या कोपऱ्यातली ‘थेट आरती’ ही पाटी संचालकांनी काढू दिली नाही. उद्यापासून वाहिनी बंद होणार, ही सूचना पडद्यावर सरकत असतानाच भातकुलीहून कौशल्याबाई नावाच्या वृद्धेचा फोन आला. “भाऊ, बंद काहून करता? आमचे मालक, अंकुरचे बाबा, पोळ्याले वारले, पन तुमच्या आरतीत रोज येतात. खांबापाशी टोपी सारखी करतात. माहं निरांजन त्यायच्यावरूनच फिरते.” मी पडद्याकडे पाहिले. खांबापाशी एका म्हाताऱ्याने टोपी सारखी केली. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. “बंदच होतेय, मावशी,” एवढेच मी म्हणालो. “मंग उद्या मीच देवळात येते. तिथंच उभे राहतात ना?”