कापायचा भाग

त्रिशलाने जातीबाहेर लग्न केलं आणि पलूसचं माहेर तुटलं. वडील, अण्णा, गेल्यावर भाऊ जयपाल तिला म्हणाला, "शेवटपतुर तुझं नावबी काढलं न्हाई त्यांनी."

नव्याण्णव साली ती साताऱ्यात घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॅसेटच्या सीड्या करून द्यायची. पलूसचा फोटोग्राफर अण्णांची कॅसेट घेऊन आला. "आजारपणातला भाग कापा, जयपालशेठ म्हणालेत." सीडी कोण करतंय, हे जयपालला ठाऊक नव्हतं.

कॉम्प्युटर सारखा त्याच भागावर अडकायचा. तिने व्हीसीआरचं हेड पुसून कॅसेट पुन्हा लावली. खाटेवरून अण्णा म्हणत होते, "त्रिशलाला बोलव रं."

जयपालचा आवाज आला, "बोलावलं की, अण्णा. येत न्हाई म्हणाली."

तिला कुणी बोलावलंच नव्हतं. तिने तो भाग सीडीच्या सुरुवातीलाच घातला.



अण्णांच्या स्मृतिदिनी, सगळे पाहुणे टीव्हीसमोर बसल्यावर, जयपालने ती सीडी स्वतःच्या हाताने लावली.